थोरल्या पोथीतली रिकामी वर्तुळं

१

थोरली पोथी खोटी आहे, हे रुंगपू गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सकाळी नऊला अंगणात मांडली तेव्हा तिची पानं बाकीच्या अकरा पोथ्यांसारखीच पिवळीधमक होती. दुपारी दोनला ती पांढरीफटक पडली होती. बाकीच्या अकरा मात्र होत्या तशाच होत्या.

सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी आमच्याकडे पोथ्यांना ऊन दाखवतात, त्यात नवीन काही नाही. पण लाय घराण्याच्या पेटीला वीस वर्षांनी ऊन दिसत होतं. १९६६ साली लाल पट्ट्या बांधलेली पोरं गावोगाव देव फोडत आणि पुस्तकं जाळत फिरत होती, तेव्हा ताओ पुरोहित लाय गुरुजींनी ही पेटी स्वयंपाकघरातल्या चुलीमागे दुहेरी भिंतीत चिणून टाकली. पाच वर्षांनी ते वारले. आता दिवस बदलले होते. येत्या दहाव्या महिन्यात गावाची महापूजा ठरली होती, तीही अडतीस वर्षांनी. महापूजा म्हणजे पाच दिवसांचा पाठ आणि तो सगळा पाठ थोरल्या पोथीत. पंधरा पिढ्या लाय घराण्यातल्या प्रत्येक पुरोहिताने ती आपल्या हाताने नव्याने उतरवली होती.

मी थांग पैलान. जुने कागद सांधते. माझे वडील हेच करायचे, त्यांचे वडीलही. किड्यांनी चाळण केलेलं पान माझ्या हातून गेलं की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. बढाई म्हणून नाही सांगत. किंवा हो, बढाई म्हणूनच सांगते. पोथ्यांना कीड किती लागली ते बघायला गावाने मला बोलावलं होतं.

पहिली ओरड केली ती देवळाच्या पंचांचे प्रमुख फान यांनी. लाय गुरुजींच्या बायकोने, सगळं गाव जिला गुरुआई म्हणतं तिने, सकाळीच येऊन आपली बांबूची टोपी थोरल्या पोथीवर पालथी घातली होती. बहात्तर वर्षांची बाई, भक्तीने केलं असेल म्हणून कोणी काही बोललं नाही. फानना मात्र सगळ्या गावाला पोथी दाखवायची होती. त्यांनी टोपी उचलली. टोपीखाली पान पिवळं होतं, बाजूला पांढरं, मधे टोपीचा गोल काठ उमटलेला.

"हे काय? आपल्या पोथ्यांचा रंग कडू झाडाच्या सालीचा असतो ना? दोनशे वर्षं उडत नाही म्हणतात!"

"ती साल असेल तर नाही उडत," मी म्हणाले.

फान वळले ते थेट शिनहावकडे. शिनहाव म्हणजे गुरुजींचा मुलगा, पस्तिशीचा, गुरुजींच्या गादीवर आता तोच बसणार होता. "पेटीचा शिक्का कोणाच्या गळ्यात असतो रे? गेल्या महिन्यात श्यामनला कोण जाऊन आलं? तिथे बंदरावर जुन्या पोथ्यांचे सौदे होतात, हे काय आम्हाला माहीत नाही?"

"काका, मी पेटी आज पहिल्यांदा उघडली. तुमच्यासमोर."

"तीन दिवस देतो. खरी पोथी आली नाही, तर महापूजेला पलीकडच्या गावचे पुरोहित येतील. लाय घराण्याची गादी संपली असं समज."

शिनहावचा चेहरा पानासारखाच पांढरा पडला. मला फानचा राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. मी पिशवीतून धुण्याचा सोडा काढला, पाण्यात कालवला आणि टोपीखाली पिवळ्या राहिलेल्या भागावर एक थेंब टाकला.

थेंब पडला तिथे कागद लालभडक झाला.

"हळद," मी म्हणाले. "हा रंग स्वयंपाकघरात तयार झालाय."

२

हळद काय, रुंगपूच्या घराघरात असते. त्यामुळे फानचं मत काही बदललं नाही. उलट ते म्हणाले, "बघा, म्हणजे घरातच केलंय." मी त्यांना तिथेच सोडलं आणि पेटी घेऊन सावलीत बसले.

पेटीवर कागदाच्या दोन पट्ट्या आडव्याउभ्या चिकटवलेल्या होत्या. त्यांवर गुरुजींचा शिक्का होता आणि १९६६ ची तारीख. सकाळी सगळ्यांनी त्या अखंड पाहिल्या होत्या. मी वाफ देऊन त्यांची सोडलेली टोकं उचलली. खाली दोन खळी होत्या, एकावर एक. तळाची खळ मिरीच्या पाण्यात शिजवलेली, कडक, तिला एकाही किड्याने तोंड लावलं नव्हतं. वरची रताळ्याच्या पिठाची. तिच्यात किड्यांनी अगदी बोगदे खणले होते, पिढ्यान्‌पिढ्या नांदले होते बिचारे.

मी फानना बोलावून दाखवलं. "पेटी एकदा उघडली गेलीय. त्याच पट्ट्या पुन्हा डकवल्यात. आणि इतके बोगदे एका महिन्यात होत नाहीत, फानभाऊ. दहा वर्षं तरी झाली असतील. श्यामनच्या फेरीचा काही संबंध नाही."

"पंचांसमोर किड्यांची साक्ष काढू का मी आता?"

"माणसांपेक्षा बरी असते."

"ताई, मला पोथी आणून दे. किडे नकोत."

लायांच्या घरात ढोलकरी चिउ काका ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे. गुरुजींच्या समोर बसून चाळीस वर्षं त्यांनी ढोल वाजवला होता. मी विचारण्याआधीच त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोराच्या मागे कशाला लागता? त्या प्राध्यापकाला विचार ना. सरकारी संस्थेतून आलाय म्हणे. आठ दिवस झाले, इथेच वरच्या खोलीत राहतो, इथलाच भात खातो, आणि स्वतःच्या पेटीला रात्रंदिवस कुलूप. पेटी घेऊन न्हाणीत जातो!"

"न्हाणीत?"

"साबण ठेवायला जागा नाही, पण पेटी सोबत."

प्राध्यापक शांगक्वान पोथ्यांचा अभ्यास करायला आले होते. पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. फोटो काढू द्या म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून तगादा लावला होता, आणि शिनहावने रोज नकार दिला होता, कारण दीक्षा नसलेल्या माणसाने थोरली पोथी पाहायची नाही हा घराचा नियम. आज अर्ध्या गावाने ती पाहिली होती, ती गोष्ट वेगळी. मी वर गेले आणि सरळच विचारलं.

"सर, पेटीत काय आहे?"

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "आज ना उद्या दाखवायचंच होतं. भीती वाटत होती, हे लोक मला घराबाहेर काढतील."

त्यांनी कुलूप काढलं. शर्टांच्या घडीखाली, दोन काचांच्या मधे, एक पिवळं पान होतं. मी काच उघडून वास घेतला. कडवट, औषधी. सालीचा रंग, खरा. पानाच्या तळाशी लाय घराण्याची खूण होती.

"ही थोरली पोथी आहे," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच.

३

"पोथी नाही. एकच पान," शांगक्वान म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी श्यामनच्या जुन्या बाजारात मिळालं. एका म्हातारीच्या चपलांच्या नमुन्यांत घडी करून ठेवलेलं. ही खूण कोणाची ते शोधायला मला दोन वर्षं लागली. म्हणून तर मी इथे आलो. आणि ही कड बघा."

पानाची एक बाजू जळलेली होती. तिला बोट लावलं की काळी भुकटी पडत होती.

पोथी विकली असती तर अख्खी विकली असती. जळकं पान बाजारात येतं, ते राखेतून कोणीतरी उचललेलं असतं. म्हणजे खरी पोथी चोरीला गेलीच नव्हती. ती जळली होती. मग पेटीत ही कोणी ठेवली, आणि कशासाठी?

"यात काळी अक्षरं आहेत आणि मधे बारीक लाल," मी विचारलं. "हे लाल काय आहे?"

"गुप्त भाग. काळं मोठ्याने म्हणायचं. लाल म्हणजे पुरोहिताने मनातल्या मनात काय करायचं ते. या पानावर तीन लाल टिपा आहेत. पहिलीत लिहिलंय, डोळे मिट आणि धुराबरोबर वर चढ. दुसरीत, दारातल्या रक्षकांना नमस्कार कर. तिसरी हातांची आहे, म्हणता म्हणता डाव्या हाताची बोटं अशी अशी जुळव."

"खोट्या पोथीत लाल टिपा आहेत?"

"मी पाहिलीच नाही हो. मला कोण दाखवतंय?" ते अगदी लहान मुलासारखे हिरमुसले होते.

मी त्यांना पान घेऊन खाली यायला सांगितलं. माजघरात शिनहाव गादीसमोर, पूर्वजांच्या नावांच्या फळ्यांखाली, गुडघे टेकून बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले.

"श्यामनला कशाला गेला होतास? खरं सांग. माझ्याशी लपवाछपवी नको."

तो बोटं मोडू लागला. "तिथे बाबांचा एक जुना गुरुबंधू होता. त्याला विचारायला गेलो होतो. पैलान ताई, मला गुप्त भाग येत नाही. एक ओळसुद्धा नाही. बाबांना त्या लाल पट्टीवाल्यांनी पकडून नेलं तेव्हा मी पंधराचा. ते परत आले, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वाटलं, पेटी उघडली की पोथीत लाल अक्षरं असतीलच, वाचून घेईन. मग वाटलं, आधी थोडं शिकून ठेवावं. तर तो गुरुबंधू दोन वर्षांपूर्वीच वारलेला."

"आणि आता पोथीत लाल अक्षर नाही."

"एकही नाही. नुसती वर्तुळं आहेत. लहान, रिकामी." त्याने मान खाली घातली. "फानकाका बरोबरच म्हणतात. मी कसली महापूजा करणार? पंधरा पिढ्यांची गादी माझ्यापाशी येऊन संपली."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पस्तिशीचा धिप्पाड माणूस असा रडताना बघवत नाही. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात गुरुआई भाजी चिरत होती, ती सुरी थांबली.

दारात चिउ काका उभे होते, हातात ढोलाच्या काठ्या. "वर्तुळं म्हणालास?" ते म्हणाले. "वाच बरं ती पोथी. मला अक्षर येत नाही, पण तुझ्या बापाचा पाठ माझ्या मनगटात आहे. खोटी असेल तर दुसऱ्या ओळीला ढोल अडखळेल."

४

ढोल अडखळला नाही.

शिनहाव वाचत गेला आणि चिउ काका वाजवत गेले. पहिल्या पानापासून पाठ आणि ढोल एकमेकांत असे बसले की फानसुद्धा अंगणातून उठून दारात आले. शब्द पुढेमागे नाही, ओळ गळलेली नाही. काकांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. पाचव्या पानावर शिनहाव थांबला, कारण पुढे वर्तुळं होती. काकांचा ढोलही त्याच क्षणी थांबला.

"इथे गुरुजी गप्प," काका डोळे न उघडता म्हणाले. "नऊ श्वास."

शिनहावने वर्तुळं मोजली. नऊ होती.

पुढच्या जागी काका चोवीस म्हणाले, वर्तुळं चोवीस निघाली. त्यापुढे छत्तीस. लिहिणाऱ्याला शांततेत काय असतं ते माहीत नव्हतं. पण ती किती लांब असते, ते श्वासाश्वासाने माहीत होतं.

"मुद्दाम गाळलं असेल," फान म्हणाले, पण आता त्यांचा आवाज उतरला होता. "गुप्त भाग चोराच्या हाती लागू नये म्हणून पुरोहित कधीकधी गाळतात."

"मग हे बघा, फानभाऊ." मी शांगक्वानांचं जळकं पान आणि पोथीतलं तेच पान शेजारी शेजारी ठेवलं. "खऱ्या पानावर लाल टिपा तीन. पहिल्या दोन ठिकाणी पुरोहित गप्प होतो, आणि तिथे या पोथीत वर्तुळं आहेत. तिसरी टीप हाताची. तिथे पाठ थांबत नाही, म्हणता म्हणता बोटं जुळवायची असतात. आणि तिथे या पोथीत काय आहे?"

"काहीच नाही," शिनहाव म्हणाला.

"काहीच नाही. मुद्दाम गाळणाऱ्याने तिथेही खूण ठेवली असती. बघून उतरवणाऱ्याने लाल शाई वापरली असती. ही पोथी लिहिणाऱ्याने खरी पोथी कधी पाहिलीच नाही. नुसती ऐकली. हात ऐकू येत नाहीत."



"पण थोरल्या पोथीची तालीम घरात व्हायची, दार लावून," चिउ काका म्हणाले. "वर्षातून एकदा, अकराव्या महिन्यात. गुरुजी आणि मी. ऐकणारा मी एकटाच!" मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. "ए, माझ्याकडे काय बघतेस? मला सही येत नाही!"

"तुम्ही नाही, काका. तुम्ही गुरुजींसमोर बसायचात. त्यांचा हात तुम्हाला दिसायचा. तिसऱ्या ठिकाणी तुम्ही खूण ठेवली असती."

मी पान उचलून उजेडाकडे धरलं. प्रत्येक उभ्या ओळीच्या वर एक आणि खाली एक, इतकी बारीक भोकं होती की ती फक्त माझ्यासारखीला दिसावीत. किड्याची नव्हती. किडा गोल खातो, वेडंवाकडं खातो. ही सुईची होती. ओळ सरळ यावी म्हणून वरून खाली सुईने दोरा ताणून धरला होता, भरतकाम करणारे कापडावर धरतात तसा. एकशे अठ्ठावीस पानं, प्रत्येक ओळीला दोन भोकं.

या घरात सुई एकाच माणसाच्या हातात असायची. पण ती बाई आजही रेशनच्या कागदावर अंगठा उठवते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी तिथेच अडले.

आणि तेवढ्यात माजघराच्या दाराशी गुरुआई येऊन उभी राहिली. कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि सरळ फानकडे बघत म्हणाली, "पोराला सोडा. पोथी मी विकली."

५

"आई!" शिनहाव ओरडला.

"तू गप. उपास पडत होते, म्हणून विकली. कोणाला ते आठवत नाही. मला काय करायचं ते करा, गावाबाहेर काढा. पोथी मात्र हीच वापरा. पाठ बरोबर आहे, ढोलाने सांगितलं ना? मग झालं तर."

मला एकदम सगळं कळलं. या बाईला चोर म्हणवून घ्यायला लाज वाटत नव्हती. ती दुसऱ्याच गोष्टीला घाबरत होती.

"गुरुआई, खोटं बोलू नका, तुम्हाला ते येत नाही," मी म्हणाले. "विकलेली पोथी जळत नाही. आणि सकाळी तुम्ही पोथी टोपीने झाकलीत, कारण हा रंग उन्हात उडणार हे या गावात फक्त तुम्हाला माहीत होतं. रंग तुम्ही चढवला होता. रताळ्याची खळही तुमचीच. या भिंतीपलीकडे बसून तीस वर्षं तालीम तुम्ही ऐकलीत. पोथी तुम्ही लिहिलीत."

"हिला अक्षर येत नाही," फान म्हणाले.

"देवळातली निशाणं कोणी भरली, फानभाऊ? पुरोहितांच्या झग्यांवरची अक्षरं? तुमच्या डोक्यावर टांगलंय ते कापड कोणाच्या हातचं?"

फाननी वर पाहिलं. तिथे रेशमावर सोनेरी दोऱ्याने आठ ओळी होत्या, आणि त्यांतलं एकही अक्षर वाकडं नव्हतं.

गुरुआई खाली बसली. पाय पोटाशी घेतले, माहेरी आलेल्या पोरीसारखे. "चूक होऊ नये म्हणून ते मला आधी ओळ वाचून दाखवायचे, मग मी भरायची," ती म्हणाली. "पाच-सहा वर्षांनी ते वाचायच्या आधीच मला कळायला लागलं."

"आणि त्यांना सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुठे त्यांनी?"

मग तिने सगळं सांगितलं. पोरं आली तेव्हा अकरा पोथ्या भिंतीत गेल्या होत्या. पोरांना काहीतरी मिळालं नाही तर ती भिंत फोडतील, हे गुरुजींनी ओळखलं. त्यांनी थोरली पोथी स्वतःच्या हाताने बाहेर नेली आणि म्हणाले, एवढीच आहे. ती अंगणात जळली; शिनहाव तेव्हा आजोळी होता. एक पान वाऱ्याने कुंपणापलीकडे गेलेलं तिने पाहिलं होतं. गुरुजी त्यानंतर पाच वर्षं जगले, पण पोथीचं नाव त्यांनी काढलं नाही.

"ते गेल्यावर मी भिंत उकलली. पेटीत बाराव्या पोथीची जागा तशीच ठेवलेली होती. बघवेना मला ती. तव्याच्या काजळीची शाई केली. साल कुठून आणू, मग हळद. दोन हिवाळे लागले. ते काय म्हणायचे ते सगळं माझ्या कानात होतं. गप्प व्हायचे तेव्हा काय करायचे ते मला कधी कळलं नाही. ते मी लिहिलं नाही. मनचं कसं लिहू?" तिने शिनहावकडे पाहिलं. "पण बाईच्या हातची पोथी चालत नाही, रे. शपथ घेतल्याशिवाय कोणाला द्यायची नाही आणि बाईला तर नाहीच, असं तुझा आजा सांगायचा. चोराची चालेल. बाईची नाही. म्हणून म्हटलं, विकली म्हणून सांगावं."

चिउ काका रडत होते आणि ते लपवायचा काही प्रयत्न करत नव्हते. "तीस वर्षं," ते म्हणाले. "मी समजायचो, भिंतीपलीकडे भाजी चिरतेय."

"भाजीही चिरायची," गुरुआई म्हणाली.

फान उठले. वाईट माणूस नव्हता तो, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की तो मागे सरायचा. "हे आपण ठरवू शकत नाही. गादीच्या पूर्वजांना कौल लावू. ते हो म्हणाले तर..."

"लावा की," मी म्हणाले. "कौल लावायच्या आधी पूर्वजांना बोलवायचा पाठ म्हणावा लागतो ना? तो कुठे लिहिलाय?"

तो पाठ थोरल्या पोथीच्या दुसऱ्या पानावर होता.

"ही पोथी खोटी असेल तर पूर्वज येणारच नाहीत, आणि ते आले तर विचारायला काही उरत नाही," मी म्हणाले. हे बोलताना मला फार बरं वाटलं, ते कबूल करते.

मघापासून कोपऱ्यात उभे असलेले शांगक्वान पुढे आले. बोलताना त्यांनी चष्मा काढला. "फानसाहेब, मी तीस वर्षं या पोथ्या वाचतोय. सगळ्यात जुन्या काळी या पंथात बायकांनाही दीक्षा असायची, गुरू व्हायच्या त्या. आणि आपल्या कितीतरी थोर पोथ्या स्वतःबद्दल काय सांगतात? की वरून आवाज आला, आणि दिसत काहीच नसताना कोणीतरी तो ऐकून लिहून घेतला. सगळे त्याला पवित्र म्हणतात. असं काम करणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय."

आमचा धर्म कुठून आला हे मला कोणी सांगायला नको, पण त्या वेळी मान ताठ झाली. राजांनी छापवलेले ग्रंथ जळाले, देवळांतले ठसे फोडून लोकांनी चुली पेटवल्या, आणि आमच्या रुंगपूत एका अंगठेबहाद्दर म्हातारीने एकशे अठ्ठावीस पानं कानातून कागदावर उतरवली.

फाननी पुन्हा एकदा वरच्या निशाणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पलीकडच्या गावाला निरोप पाठवला होता मी. परत बोलावतो माणूस."

"पण गुप्त भाग?" गुरुआईने विचारलं. "तो कुठून आणायचा?"

"तीन ठिकाणचा सरांच्या पानावर आहे," शिनहाव म्हणाला. "बाकीच्या ठिकाणी जेवढे श्वास तू लिहिलेस तेवढे मी गप्प उभा राहीन. ज्याला भेटायचं तो तिथे भेटेल."

त्याने माजघरातली शाई आणि कुंचला आणला. पोथीच्या शेवटच्या पानावर, जिथे उतरवणाऱ्याने आपलं नाव आणि पिढी लिहायची असते, ती जागा कोरी होती. बाकीच्या अकरा पोथ्यांवर ती कधीच कोरी नसते. त्याने पोथी आईसमोर ठेवली, आणि दीक्षेच्या वेळी शिष्य गुरूला करतो तसे तीन वेळा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केले.

"उठ रे, लोक बघतायत," ती म्हणाली.

"बघू देत. मी सतरावा आहे. सोळाव्याचं नाव लिहिल्याशिवाय मला बसता येणार नाही."

गुरुआईने कुंचला घेतला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. काय लिहू, असं तिने कोणालाच विचारलं नाही. लायबाई नाही, गुरुजींची बायको नाही. पन्नास वर्षांत गावात ज्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती, ते माहेरचं, पूर्ण नाव तिने लिहिलं: सोळावी पिढी, रुआन शिहुआ.

मग शाई वाळेपर्यंत ती त्यावर फुंकर घालत बसली.